काळ्या नखातला जीव

डॉक्टरांनी मामाजींच्या उजव्या पायावरचं धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि विचारलं, "हे ओरखडे कशाचे?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्या बाजेभोवती आम्ही तिघं उभे होतो. सासूबाई, माझे यजमान आणि मी. नडगीवर तीन लांब ओरखडे होते. त्यातला एक ओला होता, कडेनं लाल झालेला. आमच्यापैकी कोणालाच तो आधी दिसला नव्हता, कारण मामाजींना तो दुखतच नव्हता. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तेव्हापासून त्या पायाला चिमटा काढला तरी त्यांना कळत नसे. वाचाही गेली होती.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर कुत्र्यानं दिलं. तो बाजेखालून निघाला, पुढचा पाय उचलून मामाजींच्या त्याच नडगीवर ठेवला आणि खाली ओढला. मला हात लावा, असं सांगायची त्याची ती रीत होती. मामाजींचा डावा हात सरकत सरकत त्याच्या डोक्याशी गेला.

"यांना साखरेचा आजार आहे," डॉक्टर म्हणाले. "असल्या पायाची जखम चिघळली तर पाय काढावा लागेल. एक तर कुत्र्याची नखं कापा, नाहीतर त्याला इथून हलवा. आठ दिवसांनी मी परत येतो."

ते सायकलवर बसून चिखलीला परत गेले.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. आमचं गाव चिखलीपासून दोन कोसांवर. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजाराच्या दिवशी माळव्याची गाडी चिखलीला न्यायची, हा आमच्या घरचा धंदा. मी अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आले ती कुत्र्याची जबर भीती सोबत घेऊन. लहानपणी एका कुत्र्यानं माझ्या परकराचा घेर दातात धरून मला फरफटवलं होतं. जखम काही झाली नव्हती, पण त्यानंतर कुत्रा दिसला की माझे पाय जागच्या जागी थिजायचे. सासरी आल्यावर पहिले कितीतरी दिवस, मळ्यात हा कुत्रा असायचा म्हणून, मी तिथं भाकरी घेऊन जायला टाळाटाळ केली. ते मामाजींच्या लक्षात आलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एक दिवस स्वतः घरी आले, सोबत कुत्रा, आणि मला म्हणाले, "चाल सूनबाई. याच्या डोळ्याले डोळा लावू नको. आपल्या वाटंनं चालत राह्य. हा मागून येते, येऊ दे." मी चालत राहिले. महिनाभर ते रोज असे मला न्यायला यायचे. मग एक दिवस ते आले नाहीत, एकटा कुत्रा आला, आणि मी त्याच्या पुढे चालत मळ्यात गेले.

कुत्र्याला नाव नव्हतं. मामाजी जिभेनं टाळूवर टक् असा आवाज काढायचे आणि तो जिथं असेल तिथून यायचा. वारं गेल्यावर जीभ वळेनाशी झाली, तो आवाज बंद झाला. मग कुत्रा बाजेखालीच राहू लागला. आधी तो दिवसातून चार वेळा मुरमाच्या वाटेनं विहिरीवर जायचा-यायचा, त्यात नखं झिजायची. आता आठ महिने तो सारवलेल्या ओसरीवर पडून होता. नखं वाढून वाकली होती, आणि आम्हाला कोणाला ती दिसली नव्हती.

"मळ्यात बांधून टाका त्याले," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून यजमानांचा उल्लेख मी तेव्हापासून आजवर 'हे' असाच करत आले. "माणसाचा पाय मोठा का कुत्रं मोठं?"

सासूबाईंचं चुकत नव्हतं. आठ महिने त्यांनी मामाजींचं सगळं अंथरुणात केलं होतं. पण त्या बोलल्या तसे मामाजींचे डोळे त्यांच्याकडून ह्यांच्याकडे, ह्यांच्याकडून माझ्याकडे फिरू लागले. त्यांना सगळं कळायचं. तोंडातून फक्त घशातला एक आवाज निघायचा.

"मी कापतो त्याची नखं," मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू?"

"तुम्ही धरा. मी कापतो."

आमच्याकडे बायकाही 'कापतो', 'जातो' असंच बोलतात. बोलून तर गेले. कुत्र्याबरोबर चालणं वेगळं आणि त्याचा पाय हातात घेणं वेगळं. शिवाय नखं कशानं कापायची हेही मला माहीत नव्हतं. माणसांची नखं न्हावी काढायचा. नराणी नावाचं त्याचं चपट्या पात्याचं, छिन्नीसारखं लहान हत्यार असायचं. दर पंधरवड्याला तो मामाजींची दाढी करायला यायचा. त्यालाच ह्यांनी विचारलं.

"माणसाची काढतो मी, कुत्र्याची नाई," न्हावी म्हणाला. "उद्या गावात मले दाढीले कोन बोलावंन?" तरी त्यानं धोपटीतून एक जुनी नराणी काढून दिली. जाता जाता मला म्हणाला, "नखात जीव असते बाई. माणसाचा कुठवर असते ते मले माहीत हाये. कुत्र्याचा माहीत नाई. संभाळून."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर आम्ही बसलो. ऊन ओसरीवर आलं होतं, दिसायला बरं होतं. ह्यांनी कुत्र्याला भिंतीशी दाबून धरलं, एक हात गळ्याखालून आणि दुसऱ्या हातात त्याचा पुढचा उजवा पाय. मी समोर उकिडवी बसले. बाजेवरून मामाजींना आम्ही दिसत होतो. सासूबाई दारात उभ्या होत्या.

पहिली दोन नखं पांढरी होती. उन्हात आतली गुलाबी रेघ स्पष्ट दिसत होती. ती सोडून पुढचं टोक मी नराणीनं चिरलं. कुत्रा अंग चोरत होता, पण टोकं पडली. मला वाटलं, जमलं.

तिसरं नख काळं होतं, शिसवी लाकडासारखं. आत काही दिसत नव्हतं. आधीच्या दोन नखांचा अंदाज धरून मी नराणी टेकवली आणि दाबली. नख गोल, पातं चपटं. ते घसरून मागे गेलं. कुत्रा किंचाळला. नखाच्या तोंडावर रक्ताचा थेंब फुगला आणि लगेच धार लागली. पाय सुटू नये म्हणून ह्यांनी पकड वर सरकवली आणि मनगटापाशी पाय घट्ट आवळला. त्यासरशी कुत्रा वळला. ह्यांचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या मांसात त्याचे दात रुतले.

त्यानं लगेच सोडलं. सोडून तो बाजेखाली गेला आणि अगदी भिंतीला चिकटून बसला. सारवलेल्या ओसरीवर दोघांचं रक्त पडलं होतं, आणि कोणतं कोणाचं ते सांगता आलं नसतं.

सासूबाई तिखटाचा डबा घेऊन आल्या. कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरायचं, अशी तिकडे पद्धत होती. हे नको म्हणाले. हाताला धडपा गुंडाळून सायकल काढली आणि चिखलीला गेले. मी रक्त पुसत बसले. मामाजींकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

रात्री हे परत आले ते सायकल चिखलीला ठेवून, कोणाच्या तरी बैलगाडीत. डॉक्टरांनी साबण लावून कितीतरी वेळ पाण्याखाली हात धुतला होता. सुया आजपासूनच सुरू करा म्हणाले होते. पोटात, बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक, अशा चौदा. त्या जिल्ह्याच्या गावी मिळायच्या, म्हणून हे तिथूनच पहिली टोचून घेऊन आले होते.

"आपला कुत्रा पिसाळलेला थोडाच हाये," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बसला होता.

"डॉक्टरही तेच म्हणतात," हे म्हणाले. "पन खात्री नाई देता येत. कुत्र्याले साखळीनं बांधा, खाऊपिऊ घाला, अन् दहा दिवस पाहा, म्हणे. दहा दिवस धडधाकट राह्यला तर सुया बंद. मारायचा मात्र नाई त्याले. तो मेला तर आपल्याले काहीच कळनार नाई."

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं माणूस कसा जातो ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एका पिंजाऱ्याची गोष्ट लहान-मोठे सगळे सांगायचे, की शेवटी त्याच्यासमोर पाण्याचा गडवा धरला तरी तो ओरडत कोपऱ्यात जायचा. ती गोष्ट मी पूर्वी कितीदा ऐकली होती. आता ती माझ्या घरात येऊन बसली.

कुत्र्याला गोठ्यात साखळीनं बांधलं. मी रोज पहाटे झाडलोटीच्या आधी तिकडे जायची. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्यातलं पाणी आदल्या संध्याकाळी मी काठोकाठ भरून ठेवलेलं असायचं. ते कमी झालं आहे का, हे वाकून बघायचं. कमी झालेलं दिसलं की दिवसाला सुरुवात करायची.

पण मी फक्त कुत्र्याचंच पाणी बघत नव्हते. हे सुई घेऊन फाट्यावर एसटीतून उतरायचे आणि पोट धरून चालत घरी यायचे. मी पाण्याचा लोटा पुढे करायची आणि त्यांच्या गळ्याकडे बघत राहायची. घाटी वर-खाली झाली, पाणी उतरलं, की नजर खाली घालायची. चावल्यावर इतक्या लवकर काही होत नसतं हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं. ठाऊक असून बघायची.

हे त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलत. मला वाटे, माझ्यावर राग आहे. असणारच. मीच म्हणाले होते, मी कापतो म्हणून.

तिसऱ्या दिवशी मामाजींचे चुलतभाऊ आले. शेजारच्या घरात राहायचे, गावात त्यांच्या शब्दाला मान होता. हातात भाल्याएवढी काठी होती आणि मागे दोन माणसं. हे जिल्ह्याच्या गावी गेलेले, सासूबाई मागच्या ओसरीवर मामाजींना भरवत होत्या. मी चुलीपुढून उठून दारापर्यंत आले. त्यांच्यासमोर मी आजवर कधी बोलले नव्हते. पदर डोक्यावर ओढून दाराआड उभं राहायचं, एवढंच.

"कुठी हाये ते कुत्रं?" त्यांनी विचारलं. "गावात लेकरंबाळं हायेत. चावरं कुत्रं ठेवून काऊन राह्यले तुम्ही?"

"ते बांधलेलं हाये," मी दाराआडून म्हणाले.

"साखळी तुटाले किती वेळ लागते? सरा बाजूला, आमी पाहतो."

ते गोठ्याकडे वळले. मागच्या ओसरीवरून मामाजींचा तो घशातला आवाज आला, एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी दारातून बाहेर आले आणि गोठ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

"मामाजी, तुम्ही त्याले आज मारलं," मी चुलत सासऱ्यांना म्हणाले, त्यांनाही मामाजीच म्हणायची रीत होती, "तर यायले, तुमच्या पुतण्याले, चौदाच्या चौदा सुया घ्याव्या लागतीन. अन् तरी आमाले कदी कळनार नाई, की कुत्रं चांगलं होतं का पिसाळलेलं. वरीसभर मी यायच्या तोंडाकडे पाहत बसू का? दहा दिवस थांबा. दहा दिवसांच्या आत त्याले काही झालं तर मी सोता तुमाले बोलवाले येतो."

त्यांनी काठी जमिनीला टेकवली. सून पदर सावरून समोर उभी आहे आणि बोलते आहे, हे त्यांनाही नवं असावं.

"दहा दिवस," ते शेवटी म्हणाले. "साखळी दोन करा." आणि माणसं घेऊन गेले.

मी गोठ्यातच खाली बसले. कुत्रा साखळीच्या टोकाला येऊन माझ्याकडे बघत होता, पुढचा उजवा पाय जमिनीपासून थोडा उचललेला. माझ्या हातून कापलं गेलेलं नख दुखत असेल, असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी पहाटे भांडं तसंच भरलेलं होतं. आदल्या रात्रीची ताक-भाकर तशीच, तिच्यावर माश्या. कुत्रा पडून होता. मी जवळ गेले तर त्यानं ओठ वर करून गुरगुर केली. माझ्यावर तो कधी गुरगुरला नव्हता. तोंडाच्या कडेनं लाळ गळत होती.

मी घरात आले. हे सदरा घालत होते, एसटीची वेळ झाली होती. "पानी पेला का त्यानं?" त्यांनी विचारलं. रोज विचारायचे.

"हाव," मी म्हणाले.

ते गेले. मी खोटं का बोलले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांनी तो प्रवास, ती सुई, ते पोट धरून चालत येणं, आणि डोक्यात हे, असं सगळं एकदम उचलू नये, एवढंच त्या क्षणी सुचलं. पण ते वळणापलीकडे दिसेनासे झाले आणि मला कळलं की आता हे मी एकटी घेऊन बसले आहे. भाकरी थापली ती तव्यावर जळली. दुसरी थापली तीही जळली. दिलेला शब्द आठवत होता, मी स्वतः बोलवायला येईन म्हणाले होते. शब्द पाळायचा तर आता उठून शेजारी जायला हवं होतं.

सासूबाईंनी जळका वास घेतला आणि आत आल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि तवा खाली उतरवला.

"काय झालं?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं, त्या आता म्हणतील, सांगतलं होतं ना, मळ्यात बांधा म्हणून. पण त्या सरळ गोठ्यात गेल्या आणि साखळी पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर खाली बसल्या. बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. गुरांमध्ये जन्म गेलेली बाई ती. कोणती गाय कशानं बसली आहे ते त्यांना लांबून कळायचं.

"त्याचा पाय पाय," त्या म्हणाल्या. वऱ्हाडीत 'पाहा' लाही पायच म्हणतात. एरवी मला हसू आलं असतं. "सारखा चाटून राह्यला तो. तू कापलं ते नख खाली हाये, अन् हा चाटते वरतं."

मी पाहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूला, कुत्र्याला अंगठ्यासारखं एक नख असतं तिथं, केस ओले होते आणि पाय सुजून दुप्पट झाला होता.

चिखलीच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर त्या दिवशी पलीकडच्या गावात बैलांना टोचायला आले होते. सासूबाईंनी गड्याला पाठवून त्यांना बोलावलं. ते आले, गोठ्याच्या दारातच थांबले आणि आधी मलाच सगळं विचारलं. कुत्रा कधी चावला, त्यापूर्वी गावातून कुठं भटकला होता का, लांडग्या-कोल्ह्याशी झटापट झाली होती का. मग त्यांनी काठीनं पाण्याचं भांडं कुत्र्यापुढे सरकवलं आणि वाट पाहत उभे राहिले. कुत्र्यानं मान लांब केली आणि थोडंसं पाणी लपलपा प्यायलं.

"मले हा पिसाळल्यासारखा नाई दिसत," ते म्हणाले. "पन दहा दिवस मोजाच. माह्या दिसन्यावर जाऊ नका."

त्यांनी लांबूनच फास टाकून कुत्र्याचं तोंड सुती पट्टीनं बांधलं, हातात जाड चामडी मोजे चढवले आणि पाय उचलून पाहिला. वरचं नख गोल वळून, बाळीसारखं, पुन्हा त्याच्याच मांसात शिरलं होतं. आत पू झाला होता. ह्यांनी त्या दुपारी पाय आवळला तो नेमका तिथं.

डॉक्टरांनी ते नख पकडीनं तोडलं, टोक ओढून काढलं, जखम धुतली. कुत्रा थरथरला, पण ते झाल्यावर त्यानं मोठा श्वास सोडला. मी दावणीच्या दगडावर बसून विचारलं, "मंग राह्यलेल्या नखांचं काय करू?"

त्यांनी नराणी हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. "हे माणसाच्या चपट्या नखाचं हत्यार हाये. गोल नखावर घसरते. अन् काळ्या नखात जीव कुठवर हाये ते बाहेरून दिसत नाई. तुमाले भेव वाटते ना?"

"हाव."

"मंग कापूच नका. घासा. सुताराकून बारीक दातांची कानस आना. थोडं घासलं की नखाच्या तोंडाकडे पाहाचं. कोरडं, भुरकट दिसते तोवर घासा. मधात काळसर ओला ठिपका दिसाले लागला की थांबा, त्याच्या आत जीव हाये. एका दिवसी एकच नख. अन् आवळून धराचं नाई. आवळलं की जनावराले वाटते हे जीव घेऊन राह्यले. आधी आठ-पंधरा दिवस नुसता पाय हातात घ्या, भाकरीचा तुकडा द्या, अन् सोडून द्या. घासाचंच नाई. पन हे सारं जखम भरल्यावर, अन् दहा दिवस सरल्यावर. तोवर हात लावाचा नाई."

संध्याकाळी हे आले. मी लोटा पुढे केला. ते प्यायले. मग मी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. त्यांनी लोटा खाली ठेवला.

"मले सकाळीच समजलं होतं," ते म्हणाले. "तू कदी एका शब्दात जवाब देत नाई. आज नुसतं हाव म्हनली."

"मंग काई बोलले काऊन नाई?"

"काय बोलू? तू मले समजू नये म्हनून खोटं बोलली. मले समजलं, हे तुले समजू नये म्हनून मी गप राह्यलो." लोट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अन् हे पानी. मले रोज इतकी तहान नसते. तू गळ्याकडे पाहत राह्यते म्हनून पेतो."

माझ्यावर राग होता का, असं मी विचारलं. राग नव्हता, भेव होतं, असं ते म्हणाले. एवढंच. त्यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही, पण उरलेले चार दिवस मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं नाही. म्हणजे बघायचं नाही असं ठरवलं होतं. एक-दोनदा नजर गेलीच.

त्या चार दिवसांत कुत्रा खाऊ लागला. आधी ताकातली भाकर, मग कण्या. सूज उतरली. दहावा दिवस उजाडला तेव्हा तो साखळीच्या टोकाशी शेपटी हलवत उभा होता. तरी मी त्या दिवशी त्याला सोडलं नाही. दिवस पूर्ण जाऊ दिला. अकराव्या दिवशी सकाळी हे चिखलीला जाऊन डॉक्टरांना विचारून आले, आणि सुया थांबल्या. ह्यांच्या पोटावर बेंबीभोवती दहा निळे-काळे डाग होते. ते जायला महिना लागला. शेजारी जाऊन चुलत सासऱ्यांना मीच सांगितलं. ते फक्त "बरं झालं" म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले.

कुत्र्याला एकदम ओसरीवर येऊ देता येत नव्हतं. डॉक्टर ठरल्याप्रमाणे येऊन गेले होते, मामाजींच्या पायाला पट्टी होती आणि कुत्र्याची नखं अजून तशीच होती. म्हणून मी दुपारी गोठ्यात जाऊन बसायची. पहिले काही दिवस मी हात पुढे केला की तो पाय मागे घ्यायचा आणि मीही हात मागे घ्यायची. दोघंही एकमेकांना भीत होतो. मग एक दिवस त्यानं पाय मागे घेतला नाही. पंजाखालच्या गादीचा खरखरीतपणा मला तळहाताला लागला. मी मनात पाचपर्यंत मोजलं, भाकरीचा तुकडा दिला आणि पाय सोडून दिला. पंधरा दिवस एवढंच केलं. सोळाव्या दिवशी कानस हातात घेतली.

सगळ्यात आधी एक पांढरं नख घेतलं. कानशीचा आवाज ऐकून त्यानं कान मागे पाडले. दोन वेळा घासलं, पाहिलं. पुन्हा दोन वेळा घासलं, पाहिलं. माझ्या कपाळावरून घाम नाकावर येत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. पहिलं काळं नख घेतलं त्या दिवशी मी तीन वेळा कानस खाली ठेवली. भुरकट दिसत होतं, आणखी भुरकट, मग मधोमध राईएवढा काळसर ठिपका उमटला. मी तिथंच थांबले आणि कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले. सगळी नखं व्हायला वीस दिवस लागले, कारण मधले काही दिवस माझी हिंमत झाली नाही. रक्त मात्र पुन्हा कधी आलं नाही.

शेवटच्या नखानंतर ह्यांनी त्याची साखळी सोडली. हे आधी त्याच्यापासून दूर राहायचे. त्या दिवशी त्यांनीच त्याला ओसरीवर आणलं. कुत्रा सरळ बाजेशी गेला, पाय उचलला आणि मामाजींच्या पट्टीवर ठेवून खाली ओढला. सासूबाई पटकन पुढे झाल्या, पाय बाजूला करून पट्टी तपासली. कापडाचा धागासुद्धा निघाला नव्हता. मामाजींचा डावा हात कुत्र्याच्या कानामागे फिरत राहिला, आणि त्यांच्या तोंडाच्या एका बाजूला हसू आलं. दुसरी बाजू हलत नसे.

त्यांची जखम भरायला अडीच महिने लागले. पाय राहिला. ते पुढे दीड वर्ष जगले, आणि त्या दीड वर्षात दर तिसऱ्या आठवड्याला मी ओसरीवर बसून कानस चालवायची आणि ते बघत राहायचे. ते गेल्यावर कुत्रा काही दिवस रिकाम्या बाजेखाली पडून राहिला. मग ह्यांच्या मागे मळ्यात जाऊ लागला. मुरमाच्या वाटेवर बाकीची नखं आपोआप झिजू लागली. मनगटावरचं नख मात्र जमिनीला टेकत नाही, ते झिजत नाही. तेवढं मी घासत राहिले, तो म्हातारा होऊन जाईपर्यंत.